सखूबाईचा दक्षिणमुखी उबारा

जुन्या जालन्यातल्या त्या दुकानदारानं तिसऱ्यांदा हिरवी जाळी काउंटरवर अंथरली आणि सखूबाईनं तिसऱ्यांदा ती कोपरानं बाजूला सारली.

"मावशी, अख्खा तालुका हीच नेतो," दुकानदार म्हणाला. "शेडनेट म्हणलं की हीच."

"ही काय देती?"

"सावली."

"आन डिसेंबरात मी सावली इकत घिऊ? माझ्या घराच्या मागं-पुढं फुकट पडलीय. तुला पायजे असंल तं पोतंभर आनून देते."

सोबत आलेल्या सुनेनं, म्हणजे अंजूनं, हसू दाबायला रस्त्यावरच्या रिक्षा मोजायला घेतल्या. दुकानदारानं जाळीची घडी घातली आणि माळ्यावरून पॉलीहाऊसच्या पारदर्शक कागदाचा गठ्ठा खाली ओढला. शेतकरी प्लास्टिकला कागदच म्हणतात. फाटत नाही म्हणून कौतुकानं म्हणत असावेत. सखूबाईनं त्याचं टोक चिमटीत धरलं, ओढलं, कानाजवळ नेऊन वाजवलं. आयुष्यभर मेंढरं पारखलेली बाई ती. दुकानदाराला क्षणभर वाटलं, आता ही कागदाचे दात बघणार. मग ती कागद घेऊन दुकानाच्या पायरीवर उन्हात बसली. डावा हात कागदाखाली, उजवा उघडा. पाच मिनिटं झाली. मागं गिऱ्हाईकं खोळंबली. एक जण म्हणाला, "मावशी, मेंदी काढायलीस का?"

"गप ऱ्हा. शिजू दे."

शेवटी तिनं दोन्ही हात अंजूच्या गालांना लावले. "सांग, कोंचा तापलाय?"

"डावा, आत्याबाई."

"बराबर. हाच दे रे भाऊ."

हरितगृह कसं निवडावं यावर सरकारी पुस्तिका निघत असतील. सखूबाईची पुस्तिका ही एवढीच होती, सुनेच्या गालावर छापलेली.

हसनाबादच्या सखूबाईचं वय अठ्ठावन्न. घरात नवरा म्हस्कू, मुलगा आदिनाथ, सून अंजू आणि गोठ्यात बावीस मेंढरं. मेंढपाळाचं घर. आता त्यांचं स्वतःचं रान आहे, त्यात मिरची होते, कपाशी होते. पण लग्नानंतरची पहिली अठरा वर्षं सखूबाईचा संसार घोड्याच्या पाठीवर होता. आज या गावच्या शिवारात, चार दिवसांनी त्या. शेतकरी मेंढरं शेतात बसवून घ्यायचे, म्हणजे लेंडी पडायची आणि रान सुधारायचं. सुधारलं की हाक यायची, "चला, उठा आता." मग काळ्या झालेल्या त्या रानातून बिऱ्हाड उठायचं. आपण घातलेल्या खतावर पुढं काय उगवलं, ते सखूबाईनं अठरा वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. हे म्हणजे जन्मभर दुसऱ्यांच्या लग्नात वाढपी व्हायचं आणि पंगत बसायच्या आत गाव सोडायचं.

म्हणून घर बांधल्यावर मागं जे परस उरलं, सव्वीस फूट लांब आणि चौदा फूट रुंद, त्यात तिचा जीव होता. तिथून उठा म्हणणारं कोणी नव्हतं. नव्हतं, असं तिला वाटत होतं. तो माणूस घरातच निघाला.

आदिनाथ जालन्याला सळयांच्या कारखान्यात कामाला. रोज मोटारसायकलवर जायचं आणि यायचं. हिवाळ्यात सकाळच्या पाळीला पोचेपर्यंत त्याचे दात इतके वाजत की गेटवरचा वॉचमन म्हणे, "आला का रे हलगीवाला?" त्यानं जुनी चारचाकी घ्यायचं ठरवलं होतं, आणि गाडीसाठी मागच्या परसात पत्र्याचं शेड. मागच्या गल्लीतून गाडी सरळ आत येण्यासारखी होती. तसं पाहिलं तर मायलेकरांचं भांडण एकाच थंडीशी होतं. जागा मात्र एकच होती.

बरं, सखूबाईला हा उबारा, म्हणजे रोपांसाठी कागदाचं उबदार घर, का करायचा होता? तर मिरचीसाठी. उन्हाळी मिरचीची रोपं ऐन थंडीत तयार करावी लागतात. मिरची ही मोठी नखरेल जात. जिभेवर आग लावते, पण स्वतःला गारवा सोसत नाही; थंडी पडली की बी जमिनीत तोंड झाकून झोपतं. त्यामुळं सगळं गाव रोपवाटिकेतून रोपं आणतं. सखूबाई आपल्या घरच्या मिरचीचं बी घेऊन एका रोपवाटिकेत गेली होती, की बाबांनो, एवढी माझी रोपं करून द्या. तिथला माणूस म्हणाला, "आजी, घरचं बी या थंडीत उगत न्हाई. ते तुमचं काम न्हाई. आमचं रोप तयार झालं की न्या." त्यात 'आजी' म्हटल्याचा राग वेगळा. घरी आली तर शेजारचे तातेराव ओट्यावरून म्हणाले, "वैनी, मेंढरामागं फिरनाराला रोपवाटिका कुठून जमायची? ज्याचं त्याला शोभतं."

तातेराव हे वीज मंडळातून निवृत्त झालेले लाइनमन. नोकरीत असताना ते खांबावर चढून गावाला उजेड देत. निवृत्तीनंतर ओट्यावर बसून देत.

त्या दोघांना सखूबाईनं सकाळी उत्तर दिलं, ते आदिनाथजवळ आणि एकदम कराराच्या भाषेत.

"आदिनाथ, दहा गुंठ्याला रोपं किती लागतेत?"

"पंधराशे धर."

"रथसप्तमीला पंधराशे रोपं मी तुला परसात दाखवीन, चार पानांची. दाखवली तं परस माझं. न्हाई दाखवली तं तुझी गाडी."

"माय, पन..."

"पन न्हाई आन बिन न्हाई. तुझ्या बापासमोर बोलले."

कोपऱ्यात विडी ओढणाऱ्या म्हस्कूनं मान हलवली. म्हस्कू दिवसाला साधारण अकरा वाक्यं बोलतो, त्यातली नऊ मेंढरांशी. मान हलवणं म्हणजे त्याच्याकडून नोटरीचा शिक्का.

कागद आला, बांबू आले, आणि जागेचा प्रश्न निघाला. परसात कुठं? तातेराव कुंपणाच्या भिंतीवर कोपर टेकवून हजरच होते.

"पूर्वेच्या कंपाउंडला टेकवा. दार पूर्वेला. शास्त्र हाये."

"सूर्यनारायण पूर्वेला उगवतो हे खरं, भाऊजी," सखूबाई म्हणाली, "पन आमच्या परसात तो तुमच्या माडीवरच्या टाकीमागून दहा वाजता येतो. तवर रोपं काय तुमची टाकी बघत बसतीन?"

तिनं जागा आधीच पाहून ठेवली होती. घराची मागची भिंत दक्षिणेला होती. हिवाळ्यात संध्याकाळी सखूबाई तिला पाठ लावून तांदूळ निवडायची. दिवस मावळून जेवायची वेळ झाली तरी ती भिंत पाठीला ऊन देत राहायची, जशी एखादी प्रेमळ म्हातारी गोष्ट संपली तरी पाठ थोपटत राहते. थंडीत सूर्य दक्षिणेकडून कलून चालतो. सकाळी दहापासून पाचपर्यंत ती भिंत त्याला सोडत नाही. उबारा टेकवायचा तर त्याच भिंतीला. पश्चिमेच्या अंगाला मोरी होती. पूर्वेच्या अंगानं हिवाळी वारा येतो, म्हणून ती बाजू तिनं विटा रचून मातीनं लिंपून बंद करायची ठरवली. राहिली दक्षिण. दार दक्षिणेला.

तातेरावांचं कोपर भिंतीवरून घसरलं.

"दक्षिणेला? वैनी, ती यमाची दिशा! बिलकुल चालनार न्हाई!"

"वाऱ्याकडं दार ठिवलेला मेंढपाळ तुमी पाह्यलाय का?"

"मेंढराचं येगळं, घराचं येगळं."

"आन मारुती? दक्षिणमुखी मारुतीला तुमी शनवारी रांगेत उभं राहून तेल वाहता. मंग दक्षिणमुखी मिरची का चालत न्हाई?"

"आन यम आला म्हंजे?"

"आला तं येऊ द्या. आत ऊब हाये, बसंल बिचारा घटकाभर. त्याला तरी ह्या थंडीत कोन बस म्हनतंय?"

अंजू आत पळाली, आणि स्वयंपाकघरातून बराच वेळ भांडी पडल्यासारखे आवाज आले. आदिनाथला मात्र ही गोष्ट जरा लागली. कारखान्यातल्या मित्रांनाही त्यानं विचारलं. तेही म्हणाले, दक्षिण नको. त्यानं आईला समजावून पाहिलं. पण सखूबाईनं एकदा पदर कमरेला खोचला की तो सोडवायला देवालासुद्धा अर्ज करावा लागतो.

दोन दिवसांत उबारा उभा राहिला. भिंतीला सात फुटांवर एक आडवा बांबू, तिथून खाली तीन फुटांपर्यंत उतरते बांबू, वरून कागद, कडा मातीत गाडलेल्या. बारा फूट लांब, आठ फूट रुंद. बांबूची टोकं कागदाला टोचू नयेत म्हणून अंजूनं त्यांना जुन्या साडीच्या चिंध्या गुंडाळल्या. त्यामुळं सगळा सांगाडा दुखापत होऊन दवाखान्यातून आल्यासारखा दिसत होता. दुपारी आत शिरलं की अंगावरचं स्वेटर काढावं लागे. सखूबाईनं बाहेर येऊन गावाकडं असं पाहिलं, की जणू तिनं ऊन पकडून दावणीला बांधलं होतं.

पण रात्रीचं काय? ऊन तर संध्याकाळी दावं सोडून जाणार. यावरचा उपाय सखूबाईला कोणी सांगायची गरज नव्हती. मेंढपाळाच्या कुत्र्याला विचारा, थंडीत तो कुठं झोपतो? लेंडीच्या ढिगावर. ताजी लेंडी आतून तापते; हात घातला तर चटका बसतो. तिनं उबाऱ्यात दीड हात खोल खड्डा केला आणि गोठ्यातली ताजी, ओली लेंडी टोपल्यांनी ओतली. म्हस्कू टोपल्या भरून देत होता. खड्डा भरला तरी सखूबाई थांबेना. लेंडी हे तिच्या घराण्याचं सोनं. सगळ्या मुलखाला वाटून दिलं, आता स्वतःच्या मिरचीला हात आखडता घ्यायचा होय? वर आणखी वीतभर थर दिला, त्यावर कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भरलेले सोळा ट्रे मांडले, भोकाभोकात बी टोचलं आणि दार घट्ट लावून फटीत चिंध्या कोंबल्या. ऊब कुठून निसटायला नको.

सातव्या दिवशी बी उगवलं! नाजूक, वाकलेल्या मानेचे हिरवे कोंब. रोपवाटिकेतला माणूस म्हणाला होता घरचं बी उगत नाही. इथं ट्रे भरून उभं होतं. सखूबाईनं गल्लीतल्या प्रत्येक बाईला आणून दाखवलं. ज्या आल्या नाहीत त्यांना ओढून आणलं. तातेरावांना तिनं मुद्दाम बोलावलं नाही, फक्त त्यांच्या भिंतीजवळ उभं राहून अंजूला मोठ्यानं सांगितलं, "अंजू, यम अजून आला न्हाई गं!"

बाराव्या दिवशी सकाळी दार उघडलं तर आतून असा भपकारा आला की सखूबाईचे डोळे चुरचुरून पाणी आलं. कोंबांची पानं कडेनं काळी पडली होती. दुपारपर्यंत माना टाकल्या. संध्याकाळपर्यंत सोळाच्या सोळा ट्रे म्हणजे नुसतं ओलं कोकोपीट.

गावाला कारण शोधावं लागलं नाही, ते तयारच होतं. "दक्षिण!" तातेराव म्हणाले. आवाजात दुःख होतं, पण ते दुःख नवे कपडे घालून आलं होतं. "मी म्हनलं व्हतं. शास्त्र कोनाला सोडत न्हाई." रविवारी आदिनाथनं टेप आणला आणि परसाची लांबी मोजली. आईकडं न बघता मोजली. सव्वीस फूट तेवढंच भरलं, पण टेपचं पातं सरसर आत गेलं तसे सखूबाईनं कान टवकारले. तिला वाटलं, आता हाक येणार.

"दार फिरव, माय," आदिनाथ हळूच म्हणाला. "अजून दिवस हायेत. पूर्वेला कर. मी सुट्टी घिऊन मदत करतो."

"दार हाये तिथंच ऱ्हाईल."

"अगं, पन सगळे म्हनून राह्यले..."

"सगळ्यांनी आजवर मला हेच सांगितलं, इथून ऊठ आन तिकडं बस. माझी रोपं मेली, मला दिसतंय. कशानं मेली ते मी हुडकीन. पन तातेरावाच्या यमाला मी भ्यायले न्हाई, हे त्याला जाऊन सांग."

ती उबाऱ्यापुढं दगडावर बसून राहिली. जेवायला आली नाही. म्हस्कू मेंढरं घेऊन परतला, त्यानं मेंढरं कोंडली, हातपाय धुतले आणि येऊन तिच्याशेजारी उकिडवा बसला. मेलेल्या ट्रेंवरून त्यानं एकदा हात फिरवला. मग म्हस्कू त्या दिवसातलं आपलं दहावं वाक्य बोलला.

"सखू, आपल्या मेंढराच्या वाड्याला कधी छप्पर व्हतं का?"

सखूबाईनं त्याच्याकडं पाहिलं.

नव्हतं. कधीच नव्हतं. रानात जाळीचं कुंपण, वर आभाळ. ती लेंडीच्या उबेला जन्मभर झोपली होती, पण उघड्यावर. ऊब खाली राहायची आणि उग्र वाफ ताऱ्यांकडं जायची. लेंडीला कोंडलं तर काय होतं, हे तिला ठाऊक असायचं कारणच नव्हतं. कारण तिनं आयुष्यात लेंडी सोडाच, काहीच कधी कोंडलं नव्हतं. चार भिंतींत जन्मलेल्या माणसानं ही चूक केली नसती. तो गोठ्याच्या खिडक्या उघडतच मोठा होतो. ही चूक करायला आभाळाखाली वाढावं लागतं.

"म्हंजे माझ्या लेंडीनंच मारलं," सखूबाई म्हणाली.

"जास्तीच्या मायेनं," म्हस्कू म्हणाला, आणि त्याचा दिवसाचा कोटा संपला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच कामाला सुरुवात झाली. खड्ड्यातली निम्मी लेंडी बाहेर काढली. उरलेली चार दिवस हलवून, पाणी मारून उघडी ठेवली, तोवर तिचा उग्रपणा गेला आणि ऊब राहिली. चिडक्या माणसाला चार दिवस पाहुणा म्हणून ठेवलं की तो जसा येतो वळणावर, तशी. त्यावर चांगला वीतभर मातीचा थर. उताराच्या वरच्या टोकाला भिंतीलगत कागदाची एक पट्टी सैल सोडली, दोरी बांधली. दुपारी दोरी ओढायची, वाफ बाहेर. ऊन उतरलं की दोरी सोडायची. दार दक्षिणेलाच.

"बी?" अंजूनं विचारलं. "सगळं तं पेरलं ना?"

सखूबाईनं कपाटातून फडक्यात बांधलेली पुरचुंडी काढली. "मेंढपाळ सगळी मेंढरं एका वाटंनं नेत न्हाई, पोरी." मात्र पुरचुंडीतलं बी पहिल्यापेक्षा कमी होतं, आणि दिवसही. तिनं ट्रे भरले ते एकेक बी बोटानं चाचपून.

बी नवव्या दिवशी उगवलं. या खेपेला सखूबाईनं गल्लीत कोणाला बोलावलं नाही. रोज सकाळी दार उघडून ती आधी नाक आत घाली, मग डोकं. आणि एक गंमत झाली. कारखान्यातून गारठून आलेला आदिनाथ संध्याकाळी आधी घरात न जाता मागं जाऊ लागला. "बघतो जरा, रोपं कशी हायेत," म्हणायचा, आणि चहाचा कप घेऊन ट्रेंच्या मध्ये पाय दुमडून बसायचा. रोपांकडं तो बघायचा, पण हात मातीवर पसरलेले असायचे. सखूबाई दिसत असूनही न दिसल्यासारखं करायची. शत्रूला छावणीत शेकायला दिलं की तो उद्या तलवार जरा हळू उचलतो, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

संक्रांतीनंतर थंडीची लाट आली. लाट म्हणजे लाटच; अंजूच्या फोननं सांगितलं, पहाटे पारा पाचाच्या खाली जाणार. आभाळ स्वच्छ, वारा पडलेला. मेंढपाळाला यातल्या शेवटच्या दोन गोष्टी समजतात. "आज थंडी जाळनार," म्हस्कू आभाळाकडं बघून म्हणाला. दिवस मावळायच्या आत सखूबाईनं घरातल्या सगळ्या घोंगड्या काढल्या आणि कागदावर पसरल्या. तीन हात जागा उघडीच राहिली. तिनं इकडंतिकडं पाहिलं. म्हस्कूनं काही न बोलता खांद्यावरची घोंगडी उतरवली. ही घोंगडी त्याच्या अंगाचाच भाग होती. लग्नाच्या फोटोतही ती आहे. ती त्यानं कागदावर टाकली, कडा नीट दाबल्या आणि आत जाऊन अंजूचं गुलाबी फुलांचं ब्लँकेट पांघरून बसला. मेंढराच्या कुत्र्यानं त्याला पहिल्यांदा ओळखलंच नाही. दुसऱ्यांदा ओळखलं आणि मान फिरवली.

सकाळी कुत्र्याच्या ॲल्युमिनियमच्या थाळीतल्या पाण्यावर काचेसारखी पातळ साय धरली होती. हसनाबादेत बर्फ! लोक फोन घेऊन थाळीचे फोटो काढायला आले. कुत्रं उगाच मोठेपणानं शेजारी बसलं. गावात मात्र बऱ्याच दारची झाडं शिजवल्यासारखी लोंबत होती. तातेरावांची पपई गेली. त्यांनी हिरव्या जाळीखाली वांग्याची रोपं टाकली होती, पूर्वमुखी आणि शास्त्रशुद्ध. ती काळी पडली.

सखूबाईनं घोंगड्या उचलल्या. कागदाच्या आतल्या बाजूला थेंब लोंबत होते. दार उघडलं. रोपं उभी होती. कडेच्या दोन ट्रेंनी माना टाकल्या होत्या, कागदाला लागून होते ते, बाकीची ताठ. तिनं मातीत हात घातला. कोमट.

दहा वाजता तातेराव आले. भिंतीवरून नाही, फिरून आले.

"वैनी, जरा आत पाहू का?"

"या की. पन दार दक्षिणेला हाये बरं."

तातेराव दाराशी थबकले. मफलर सारखा केला. सखूबाईला त्यांची दया आली. "भाऊजी, आत येतानी तुमचं तोंड उत्तरेलाच हाये. उत्तर चालती ना?"

चालत होती. तातेराव आत गेले, रोपं पाहिली, मातीला हात लावला, आणि तो हात काही केल्या उचलेनात. "हे... हे बराबर जमलंय, वैनी," ते म्हणाले. एवढं म्हणायला त्यांना खांबावर चढण्यापेक्षा जास्त कष्ट पडले असणार. निघताना पंचाईत झाली. बाहेर जायचं तर तोंड दक्षिणेला! क्षणभर विचार करून तातेराव पाठमोरे निघाले, एकेक पाऊल मागं टाकत, आणि थेट लेंडीच्या टोपल्यात बसले.

रथसप्तमीला सकाळी अंजूनं परसात गोवऱ्यांवर दूध ठेवलं, सूर्याला नैवेद्य म्हणून उतू घालवायला. आदिनाथ अंघोळ करून आला आणि उबाऱ्यात शिरून ट्रे मोजू लागला. एकदा मोजले. मग पुन्हा, भोकाभोकात बोट फिरवत. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा जिंकलेल्या माणसाचा नव्हता.

"माय, बाराशे तीस भरतेत."

"मला म्हाईत हाये. मी काल मोजली."

"पंधराशे ठरल्ते."

"ठरल्ते."

"मंग?"

दुधाला वाफ येत होती. म्हस्कू गोठ्याच्या दारात उभा होता आणि भिंतीपलीकडं तातेरावांचा मफलर दिसत होता. सखूबाईनं पदरानं हात पुसले.

"मंग काय? रोपं कमी न्हाईत, रान जास्त हाये. आठ गुंठे लाव."

"असं कसं, माय? शब्द दिल्ता तू. आपन दोघांनी बापासमोर..."

"शब्द दिल्ता, हारले. गावात सांग, सखूबाई हारली. तातेरावाला सांग, भिंतीआडून ऐकूनच राह्यलेत. पन मी परस देत न्हाई. या जागंत मी रोपं मारली बी आन जगवली बी. आता मला इथून कोनी हालवायचं न्हाई. तू बी न्हाई आन यम बी न्हाई."

आदिनाथनं बापाकडं पाहिलं. म्हस्कूनं मान हलवली नाही. तो गोठ्यातल्या एका मेंढीचा कान तपासण्यात एकाएकी फार गुंतला होता.

"आन गाडी?" आदिनाथ म्हणाला. "पुढच्या महिन्यात येनार हाये गाडी. ती कुठं लावू?"

"रस्त्यावर लाव."

"रस्त्यावर? ट्रॅक्टरवाले घासून जातीन! दव पडंल, ऊन लागंल..."

"आरं, तुझा आजा रस्त्यावर ऱ्हायला, बाप ऱ्हायला, तुझा स्वतःचा जन्म रस्त्याच्या कडंला झाला," सखूबाई म्हणाली. "एक गाडी ऱ्हायली तं काय मरती का?"

भिंतीपलीकडं कोणीतरी खोकल्यासारखं हसलं. अंजूनं तोंडाला पदर लावला. आदिनाथनं एकदा मागच्या गल्लीकडं पाहिलं. मग त्यानं बाह्या दुमडल्या, वाकून उबाऱ्यात शिरला आणि दोन्ही हातांवर एकेक ट्रे घेऊन बाहेर आला.

"आठ दिवस भाईर ठिवायची ना, रानात लावायच्या आधी?"

"हां. त्या लिंबाच्या अंगाला मांड. आन हळू!" सखूबाई ओरडली. "रोपं हायेत, तुझ्या कंपनीतल्या सळया न्हाईत!"